सहा पोपट आणि न विचारणारा राजा

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. भारी शब्दही मजपाशी नाहीत. गोष्ट तेवढी मन लावून ऐका.

एका राज्यात चंडप्रताप राजा होता. तो हुकूम देई, विचारत कधी नसे. एकदा साता समुद्रांपलीकडून एक जादूगार भेटीस आला. राजा म्हणाला, "ए टोपीवाल्या, बस तिकडे."

जादूगार बसला नाही. तीन पिंजरे ठेवून, आतली नावं सांगून म्हणाला, "हे इंग्रजी मुलखातले शब्द, पोपट झालेले. जोडीतले दोघे दिसायला सारखे, कामाला निराळे. ज्याचं नाव त्यालाच हाक मार. हाका चारच. चुकलास तर भोग." आणि धूर होऊन गेला.

जेवण उरकून राजाने एका पोपटाकडे बोट केलं. "ए डिझर्ट, गोड आण!" तो निघाला डेझर्ट. ताटात वाळू पडली.

"ए एंजल, देवदूत धाड, वाळू उपसायला!" तो निघाला अँगल, म्हणजे कोन. भिंती तिरक्या झाल्या, राजा घसरत कोपऱ्यात गेला.

राणी मृगावती हसून बेजार. "महाराज, त्यांना विचारा तरी!"

"राजा विचारत नाही."

हसताना राणीचा कंबरपट्टा करकचला. राजा तिसऱ्या पिंजऱ्याकडे वळला. "ए लूस, हा ढिला कर!" तो निघाला लूझ, हरवणारा. कंबरपट्टा खण्णकन जमिनीवर पडला. आत राणी नव्हती.

पोपट म्हणाले, "आता एकच हाक उरली. चुकलास तर राणी कायमची गेली."

राजा गुडघ्यांवर बसला. कान लाल झाले. "पाहुण्यांनो... आपली नावं काय?"

पोपटांनी एकच कल्ला केला. "विचारलं रे विचारलं!"

"मी डिझर्ट. गोड दुसऱ्यांदा मागतात, म्हणून माझ्यात एस दोन."

"मी डेझर्ट, वाळवंट. परत कोण येतंय? एकच एस."

"मी एंजल, हा अँगल. शेवटची दोन अक्षरं याने उलटी बसवली."

"मी लूस, ऐसपैस, दोन ओ."

"मी लूझ," शेवटचा ओशाळून म्हणाला. "माझा एक ओ हरवलाय."

"लूझराव," राजा हात जोडून म्हणाला, "माझी राणी द्या."

भिंती सरळ झाल्या, वाळूची साखर झाली, पोपट उडाले. राणी समोर उभी. "एवढंसं विचारायला केवढा घोळ, महाराज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा महालाच्या दाराशी गेला. तिथे दोघे जुळे पहारेकरी होते. जन्मभर त्याने दोघांना 'ए' म्हटलेलं.

"बाबा, तुमचं नाव काय?"

"कोंडाजी, महाराज."

"आणि तुमचं?"

"धोंडाजी."

राजा दोन पावलं गेला, थबकला, मागे फिरला.

"माफ करा. पुन्हा एकदा सांगता?"