घोंगडीतला तारा

घर्र... घर्र... घर्र... आणि मग धुडुम.

असा आवाज एकदा एका माळावर झाला, बरं का. फार वर्षं झाली त्याला. आभाळात कुणी मोठं जातं ओढतंय, तसा आवाज. पण आवाज आला मागून. आधी आला उजेड.

झालं काय, त्या माळावर ठकूबाई नावाची धनगरीण होती. नवरा चारा शोधायला पुढच्या गावी गेलेला. मागं ती, सासरे नागूबाबा आणि मोठा कळप. कळपाच्या पुढं जो चालतो, त्याच्याच हाकेवर मेंढ्या चालतात. नागूबाबांचे गुडघे पार दुखायचे, तरी पुढं तेच चालायचे. ठकूबाई म्हणायची, मामंजी, आता मला चालू द्या पुढं. त्यावर बाबा म्हणायचे, "तुझ्या हाकेला मेंढी आली, तर माझ्या हाकेला पाऊस येईल."

ठकूबाई नुसती हसायची. येईल मेंढी, हे तिला ठाऊक होतं.

मग एकदा दिवेलागणीला डोंगरामागून पेटता गोळा आला. आधी हिरवा, मग पांढराशुभ्र. इतका लख्ख, की मेंढ्यांच्या सावल्या जमिनीवरून धावायला लागल्या. मेंढ्या आपल्याच सावल्यांना भ्याल्या. त्यात तो आवाज. मग काय, रात्रीसाठी भोवती लावलेली जाळी तुडवून कळप चहूकडं पांगला. अंधार पडत होता, आणि ओढ्यात लांडगे होते.

नागूबाबा मटकन खाली बसले. गेला कळप, म्हणाले. ठकूबाई म्हणाली, आणते. आणि निघाली.

ओढ्याकाठी बघते तर एक उंच माणूस उभा, आणि अंगातून उजेड सांडतोय. तो पेटता गोळा म्हणजे हाच, एक तारा. आभाळात ठेच लागून पडला होता म्हणे. बिचारा फार वरमला होता. माझ्यामुळं झालं, मीच गोळा करून देतो, म्हणाला.

मग तो टेकडीवर चढला आणि लखलखला. मेंढ्या दिसल्या खऱ्या, पण उजेडाला भिऊन आणखी लांब पळाल्या. ठकूबाईच्या हाकेकडं कुणाचं लक्ष नाही. मग ताऱ्यानं आपला उजेड काजव्याएवढा केला आणि दबकत जवळ गेला. मेंढ्यांनी नाकं वर केली. ह्याला ना लोकरीचा वास, ना मातीचा. पुन्हा पळाल्या. तिकडं लांडगा ओरडला. तारा अगदी रडकुंडीला आला.

आता धनगराघरी काय करतात, ठाऊक आहे? पोरक्या कोकराला दुसरी मेंढी जवळ करत नाही. मग त्याच्या अंगाला तिच्या पिल्लाचा वास लावतात. वास ओळखीचा झाला, की ती त्याला चाटायला लागते.

ठकूबाईनं अंगावरची घोंगडी काढली. वर्षानुवर्षं मेंढ्यांत निजलेली घोंगडी ती. ताऱ्याला म्हणाली, "घे भाऊ, पांघर. आणि माझ्या मागं चाल. पुढं मी."

मग तिनं हाक घातली. मागून घोंगडीतून मंद उजेड पाझरत होता, शेकोटीसारखा. एक म्हातारी मेंढी आली. तिनं घोंगडी हुंगली आणि ठकूबाईच्या पायाशी लागली. मग दुसरी आली. मग झाडाझुडपांतून सगळा कळप आला. लांडग्यानं ते चालतं घोंगडं पाहिलं आणि शेपूट घालून निघून गेला.

कळप बाबांपाशी पोचला. ताऱ्यानं घोंगडी झटकून परत दिली, टेकडीवरून एक उडी मारली आणि आपल्या जागी जाऊन बसला. पुढं चारा मिळाला, नवरा भेटला, सगळे सुखानं राहिले. तुम्ही आता डोळे मिटा बघू. मिटलेत? मग एवढंच राहिलंय, ते ऐका.

सकाळी निघायची वेळ झाली. नागूबाबांनी मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ठकूबाई वाट बघत बाजूला उभी होती. बाबा उठले. सुनेच्या शेजारून गेले, आणि कळपाच्या पार मागं, लंगड्या कोकरांच्या संगतीनं हळूहळू चालू लागले.