तारप्याकडे पाठ

“मग यात कमी काय आहे, ते तरी सांग ना आजा!”

मी मोबाईल शिडवाआजाच्या पुढ्यात ओट्यावर ठेवला होता. त्यातून माझ्या दादाचा तारपा वाजत होता.

आमच्या पाड्यावर तारपा वाजवणारे दोघंच. शिडवाआजा, आणि त्यानं शिकवलेला माझा दादा. आजाची छाती दम्यानं गेली. दादा भातकापणीत साप चावून गेला.

“उद्या नाच आहे,” मी म्हणालो. “मोठा स्पीकर आणलाय. हेच लावणार. सगळ्या चाली आहेत यात. दादाचं काहीच गेलं नाही.”

आजा थोडा वेळ ऐकत राहिला. मग हातावर जोर देत फिरला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मोबाईलकडं पाठ.

माझं डोकं फिरलं. तारप्याभोवती सगळे नाचतात, पण वाजवणाऱ्याला कुणी पाठ दाखवत नाही. बारकी पोरंसुद्धा नाही. आम्हाला हे यानंच शिकवलेलं.

“म्हाताऱ्या, माझ्या दादाला पाठ दाखवतोस?”

“तो आहे का तिथं?”

मी आजाच्या पाठीकडंच बघत राहिलो.

“बघ ना. तुझे डोळे चांगले आहेत.”

मी मोबाईल बंद केला. ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती.

“मग तू वाजव.”

“मला दारापर्यंत चालवत नाही, बारक्या.”

“मग संपलं म्हण! सरळ सांग, संपलं!”

“संपलं.”

हे ऐकायला मी आलो नव्हतो.

दादाचा तारपा त्याच्याच शर्टात गुंडाळून आणला होता. तो बाहेर काढला. हात उचलून खांबाजवळ गेलो.

“फोडू?”

“फोड. वाळका भोपळाच आहे.”

आजानं मागं वळूनही पाहिलं नाही.

हात वरच राहिला... तारप्याच्या मेणाला अजून दादाच्या तंबाखूचा वास होता. कसं कोण जाणे, मी तो तोंडाला लावला आणि फुंकला.

अडकलेलं वासरू ओरडावं तसा आवाज आला. तारप्यात दम तुटू द्यायचा नसतो. माझा लगेच तुटला. पुन्हा फुंकलं. पुन्हा तुटला. नाकातोंडातून पाणी यायला लागलं.

डोळे पुसले तेव्हा दिसलं, आजा माझ्याकडं तोंड करून बसला होता.

“किती घाण वाजतंय,” मी म्हणालो.

“हो.”

“हे दादाचं नाही.”

“नाही.”

“त्याच्यासारखं कधी येईल मला?”

“नाही येणार.”

“...मग?”

“फुंक. मला परत भिंतीकडं तोंड करायला लावू नको.”