पथ्य आचाऱ्याला!

“औषध घेईन, पण पथ्य पाळणार नाही!” हिरडगडचा राजा भैरोजी गरजला, आणि लगेच त्याला आंबट ढेकर आली.

राजाच्या पोटाची पार भट्टी झाली होती. सकाळी मिरचीचा ठेचा, दुपारी परातभर भजी, संध्याकाळी चिंचेचं सार आणि अधूनमधून चाखायला लोणचं! मग छातीत जळजळ, डोकं ठणकतंय आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. तीन राजवैद्य येऊन गेले. तिघांनीही नाडी बघून “महाराज, तिखट सोडा” म्हटलं, आणि राजाने तिघांनाही गाव सोडायला लावलं.

चौथा आला दुर्गाप्पा वैदू, गावोगाव हिंडून झाडपाल्याची औषधं देणारा. पहारेकऱ्यांनी त्याला दारातच बजावलं, “पुड्या दे आणि गप निघ. पथ्याचं नाव काढू नकोस!” त्याने तीनदा मान डोलावली. पण चाळीस वर्षांची सवय ती! हातातून पुडी सुटली की त्याच्या तोंडून पथ्य सुटायचंच.

“आवळकाठी आन् जेष्ठमध हाय, म्हाराज. सकाळ-संध्याकाळ दुधातनं घ्या. तेलकट, तिखट, आंबट बंद!” बोलून गेला आणि बिचाऱ्याने जीभ चावली.

राजाचा पारा चढला. “काढून घ्या ह्याचा बटवा! आठ दिवसांत मी बरा झालो पाहिजे, आणि माझ्या तोंडाला बंदी घालायची नाही. जमलं नाही तर बटवा चुलीत!”

त्या बटव्यात तीन पिढ्यांनी जमवलेली मुळं, साली आणि बिया होत्या. त्यांतली काही झाडं आता रानात शोधूनही सापडत नव्हती. बटवा गेला की दुर्गाप्पाचा धंदा बसलाच म्हणायचा! रडकुंडीला येऊन तो पालावर परतला. त्याची लेक भिवरा खलबत्त्यात हिरडा कुटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बा, पथ्याबिगर पित्त हटत न्हाई, हे खरं न्हवं?”

“खरंच की गं पोरी!”

“मग पथ्य तर पायजेच. पण ते राजानंच पाळावं, असं कुटं हाय?”

दुर्गाप्पा काही विचारायच्या आत भिवरा पदर खोचून थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

“म्हाराज, मी दुर्गाप्पाची लेक. तुमास्नी मी पथ्य सांगत न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर चालंल?”

“प्रधानाला सांग, सेनापतीला सांग, माझ्या हत्तीला सांग! मला सांगू नकोस म्हणजे झालं.”

“शबूद?”

“दिला! भर दरबारात दिला!”

“मग पथ्य तुमच्या आचाऱ्याला!”

विसोबा आचारी दचकला. “मला? मी कुठे आजारी आहे?”

“आठ दिस मिरची, चिंच, लोणचं, कशाला शिवायचं न्हाई. कढईत तेल वतायचं न्हाई. आन् हे पथ्य म्हाराजांसाठी रांधणाऱ्या समद्यांना!”

राजाचे डोळे विस्फारले. “अगं, मग मी खाऊ काय?”

“वाटंल ते खावा! तुमास्नी कुटं बंदी हाय? मिरच्या तुमच्या, पाटा तुमचा. बसा वाटायला!”

प्रधानाने खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. ते राजाने पाहिलं, आणि तो इरेला पेटला.

“वाटतो! त्यात काय मोठंसं!”

तो तडक मुदपाकखान्यात गेला आणि पाट्यासमोर मांडी घालून बसला. पहिल्याच झटक्याला वरवंटा अंगठ्यावर आला. घाम पुसायला हात वर गेला, तर मिरची डोळ्यात! राजा थयथय नाचला.

“विसोबा, वाटून दे रे!”

“महाराज,” विसोबा हात जोडून म्हणाला, “मला पथ्य आहे!”

दुसऱ्या दिवशी राजाने भजी तळायला घेतली. बेसन मिशांना लागलं आणि भज्यांचा कोळसा झाला. राणीसाहेब दारात उभ्या राहून पोट धरधरून हसल्या. तिसऱ्या दिवशी राजाने निमूटपणे समोर आली ती मुगाची मऊ खिचडी खाल्ली, वर दुधीची भाजी मागून घेतली आणि दुधातून पुडी घेतली. पाचव्या दिवशी जळजळ थांबली. सातव्या दिवशी तर नगारा वाजला तरी महाराज गाढ झोपलेले!

आठव्या दिवशी दरबार भरला. राजा टुणटुणीत होता, पण हट्ट काही सुटला नव्हता. बटवा त्याच्या मांडीवर होता आणि दुर्गाप्पाचा जीव टांगणीला लागला होता.

“पोरी, शेवटी तू मलाच पथ्यावर ठेवलंस! माझी अट मोडलीस. हा चालला बटवा चुलीत!”

“म्हाराज, मी तुमास्नी काय खाऊ नगा म्हणलं, तेवढं सांगा.”

राजाने आठवून पाहिलं, मिशी चावली, पुन्हा आठवून पाहिलं. काही सापडेना.

तेवढ्यात विसोबा पुढे झाला. “महाराज, अभय असेल तर बोलतो. तुमचा ठेचा चाखून चाखून बारा वर्षं माझीही छाती जळत होती. ती आता थांबली!”

“घ्या!” भिवरा म्हणाली. “औषध घ्यायचं सोपं काम तुमी केलं. पथ्याचं अवघड काम ह्यांनी केलं, आन् बरं झालं दोघंबी! तवा बक्षीस ह्यांना द्या, आन् बटवा माझ्या बाला द्या. चुलीत घालायचाच असंल, तर तुमचा ठेचा घाला!”

राजाच्या मिशा थरथरल्या, खांदे हलले आणि तो असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला!

विसोबाला चांदीचं कडं मिळालं. भिवराला राजाने दरबारची वैद्य नेमलं आणि गडाखालचं राखीव रान बापलेकीला मुळं खणायला मोकळं करून दिलं. मग स्वतः सिंहासनावरून उतरून त्याने तो बटवा दुर्गाप्पाच्या खांद्याला अडकवला.