रुमालाखालचा तिसरा हात

“…मग त्या रुमालाखाली चाललंय तरी काय, साईं?”

पातशहाचा महसुली अमीन हैबतराव मोठा संशयी. आपली सावली मागून येताना दिसली, तर थांबून तिला पुढे जाऊ देणारा. घाटाखालच्या बैलबाजारात त्यानं पाहिलं, दोघं जण रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, आणि तोंडातून शब्द न काढता सौदा ठरतो.

हे रुमाल उठवायचे म्हणून तो आला होता. रुमाल उठले की बाजार उठलाच. पण गाव ऐकायचं ते लतीफशा फकिराचं, म्हणून त्यानं आधी त्यालाच गाठलं.

“बैल कुठला?” फकिरानं विचारलं.

“इथलाच.”

“घेणारा?”

“तोही इथलाच.”

“सनद काय म्हणते?”

“सुभ्याची हद्द ओलांडेल तो माल पातशहाचा. हद्दीच्या आतलं गावाचं. पण साईं, इथं बैल विकला, की पलीकडच्या सुभ्याचं गिऱ्हाईक तुटलं. म्हणजे हाही पातशहाचाच.”

“आणि विकलाच नाही तर?”

“घरचा बैल आहे म्हणून मालकानं पलीकडचा घेतला नाही. तोही पातशहाचाच.”

“मग गावाचं काय उरलं?”

“तसं पाहिलं तर… काही नाही.” हैबतरावानं मिशीवरून हात फिरवला.

फकिराची दाढी हलली, हसला की पुटपुटला, अमीनाला काही कळेना. त्याला तेही खटकलं.

“जा. घाला हात.”

“विंचूबिंचू नाही ना?”

फकिरानं नुसतं रुमालाकडे बोट दाखवलं.

म्हाळू धनगराचा बैल विकायचा सौदा चालला होता. अमीनानं दबकत रुमालाखाली हात सारला. कुणी तरी दोन बोटं दाबली. त्यानं घाबरून ती घट्ट धरली. तेवढ्यात घेणाऱ्यानं आपला हात हळूच काढून घेतला.

म्हाळूनं रुमाल झटकला. “झाला सौदा. शेवटी ज्याचा हात राहिला, बैल त्याचा. बाजाराची रीत हाय, सरकार.”

बैल म्हातारा, एका डोळ्यानं अधू, आणि लाथाळ तर असा की माश्यासुद्धा लांबून जात.

“अहो, मी नुसता बघत होतो.”

बाजारातला एकेक जण आपापला बैल घेऊन आला आणि रुमाल पसरून अमीनापुढे उभा राहिला. रांग पार ओढ्यापर्यंत गेली.

“साईं, यांना काही सांगा.”

फकिरानं म्हाताऱ्या बैलाच्या कोरड्या नाकाला हात लावून पाहिला.

“पातशहाला निरोप धाडा, अमीनसाहेब. म्हणावं, तुमचा बैल तहानलाय.”