धुरपदाआत्याचं टेकाड

साकळगावात एसटी येत नव्हती, दिवे नव्हते आणि घरं सगळी माळवदाची होती, तेव्हाची ही गोष्ट. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. अशा घराकडे दरसाल बघावं लागतं.

ते बघणारी एक बाई गावात होती. धुरपदा तिचं नाव. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, म्हणून सगळं गाव तिला आत्या म्हणे. उन्हाळा लागला की आत्या डोक्यावर पाटी घेऊन घरोघर फिरे. माळवदावर चढे, उंदरांची बिळं बुजवी, तुंबलेल्या पन्हाळी मोकळ्या करी, नवी माती पसरून चोपून काढी. भिंतीला कान लावला की आत कुठं ओल मुरलीय ते तिला ऐकू येई, असं म्हणतात. तिचा हात फिरलेलं घर कधी गळत नसे.

एका वर्षी रंगराव पाटलांच्या घरी मुलाचं लग्न निघालं. आत्यानं मधल्या खांबाला कान लावला आणि ती म्हणाली, "पाटील, वरची तुळई वाळवीनं पोखरलीय. लग्नाआधी बदला. नाहीतर घर बसंल."

पाटलीणबाई कडाडल्या, "लगीनघरात येऊन घर बसायची भाषा करतीस? सोताचं कपाळ पांढरं, आता आमचं करायला निघालीस?"

पाटलांनी तिला बाहेर काढलं आणि दवंडी पिटवली, की या बाईला कुणी घराला हात लावू देऊ नये. गावानं ऐकलं. ज्यांच्या घरांवर तिनं वीस वर्षं माती टाकली, त्यांनीच दारं लावून घेतली. आत्या वेशीबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत राहू लागली. माळवदांवर गवत वाढलं. लोक म्हणत, "यंदा निघंल कसंतरी."

तिसऱ्या वर्षी श्रावणात झड लागली. सात दिवस आभाळ उघडलं नाही. आठव्या दिवशी सकाळी आत्या भिजत गावात आली आणि दारोदार ओरडू लागली, "बाहेर या रे, घरं बोलायला लागलीत!"

कुणी कडी काढली नाही. आतून शिव्या तेवढ्या आल्या.

पाटलांचं दार त्यांच्या सुनेनं, यमुनेनं उघडलं. कडेवर तान्हं लेकरू होतं, वरून माती झरत होती. आत्या आत घुसली आणि मधल्या तुळईखाली तिनं खांदा दिला. "लेकराला घेऊन नीघ. बाकीच्यांना हाका मार. मागं बघू नको."

चौघा गड्यांना न हलणारी ती तुळई त्या वाळक्या बाईनं एकटीनं पेलली, असं म्हणतात. घरातली नऊ माणसं बाहेर पडेपर्यंत ती गुडघ्यांपर्यंत जमिनीत रुतली होती. शेवटी पाटील निघाले. आत्या म्हणाली, "पाटील, एक टेकू तेवढा आणा."

पाटील अंगणात जाऊन उभे राहिले. तसेच उभे राहिले. मग घर बसलं.

पाऊस उघडल्यावर लोकांनी आधी धान्याची कणगी उकरून काढली, मग तांब्यापितळेची भांडी. आत्याला शोधायला तिसरा दिवस उजाडला. ती सापडली नाही. खाली नुसती पांढरी माती होती, आणि एवढ्या पावसातही ती कोरडी होती, असं म्हणतात.

पाटलांनी दुसरीकडे घर बांधलं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला यमुनेनं मातीची पाटी उचलली आणि ती त्या जागी निघाली. सासरे म्हणाले, "आता तिथं कशाला?"

"तुम्ही टेकू दिला नाही, मामंजी. मला माती तरी घालू द्या."

तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला घरटी एक पाटी माती तिथं पडते. आज ते टेकाड गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच आहे. बाया हळदकुंकू वाहतात, माणसं माती चोपतात, उंदराचं एक बीळ राहू देत नाहीत. मग हात धुऊन सगळे घरी येतात. घरांच्या भिंतींना हात जाईल एवढ्या चिरा आहेत. विचारलं तर म्हणतात, "आत्याला माती घातलीय की. ती बघंल."