समोरच्याचा उजवा हात

“मग अडतंय कुठं?”

गुरुजींनी विचारलं तेव्हा प्रेरणा पाया पडायला वाकलेली होती, आणि गुरुजींनी पाय मागं ओढून घेतले होते.

आमच्याकडं कुणाचीही परीक्षा असली की आदल्या दिवशी मगदूम गुरुजींच्या पाया पडून येतात. दहावीची असो, तलाठ्याची असो. पण गुरुजी आशीर्वाद असा सहजासहजी देत नाहीत. आधी प्रश्न विचारतात. उत्तर पटलं तर पाय पुढं करतात.

मी शेजारची. चाळण परत द्यायला गेले होते. दिली, आणि बसले. गुरुजी अंगणात चिंचा फोडत होते, त्यातल्या चार मीही फोडायला घेतल्या. नुसतं बसलेलं बरं दिसत नाही.

“कुठंच अडत नाही,” प्रेरणा म्हणाली. “लेखीत मी पहिली आलेय गुरुजी. अख्ख्या तुकडीत. पुरुष धरून.”

“मग उद्या परीक्षा कशाची?”

“... उडवायची.”

“ती झाली न्हवती व्हय मागच्या महिन्यात?”

प्रेरणानं माझ्याकडं बघितलं. मी चिंचेकडं बघितलं.

गावाला ठाऊकच होतं. बायकांच्या बचत गटाला उसावर औषध फवारायचा ड्रोन मिळणार होता. तो चालवायला परवाना लागतो, आणि त्यासाठी गटानं प्रेरणाचं नाव दिलं होतं. पोरगी हुशार. आठ वर्षं साड्यांना पिको-फॉल करण्यात घालवली, तरी डोकं गंजलं नाही. पहिल्या खेपेला उडवण्यात नापास झाली. उद्या दुसरी खेप. उद्याही राहिली तर गट ललिताचं नाव पाठवणार होता.

आणि ह्याच ललिताला प्रेरणा भर बैठकीत म्हणाली होती, “तुला साधा मिक्सर लावता येत नाही, तू काय ड्रोन उडवणार?” मी तिथंच होते. ललिता सतरंजीचा दोरा ओढत बसली.

“परीक्षक खडूस होता,” प्रेरणा म्हणाली. “वारा पण होता. ऊन डोळ्यांवर होतं.”

“बाकीच्यांला ऊन न्हवतं?”

प्रेरणानं पदर सावरला.

“बाकीचे पास झाले?”

“झाले काही.”

गुरुजींनी एक चिंच फोडली. चिंचोके एका वाटीत, गर दुसऱ्या वाटीत.

“नियम सगळे पाठ आहेत मला,” तिनं सुरू केलं. “ड्रोन नजरेसमोरून हलू द्यायचा नाही. विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवायचा नाही. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. उडवण्याआधी पंखे बघायचे, बॅटरी बघायची. कुठलाही विचारा.”

“मी कुठं विचारलं? अडतंय कुठं, एवढंच विचारलं.”

ती उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग हळूच म्हणाली,

“जाताना सरळ जातो. परत येताना घोळ होतो.”

“कसला घोळ?”

“जाताना त्याची पाठ माझ्याकडं असते. मी रिमोटची काडी उजवीकडं ढकलली की तो उजवीकडं जातो. पण तोंड माझ्याकडं करून यायला लागला, की उजवीकडं ढकललं तर डावीकडं जातो.”

“डावीकडं?”

“म्हणजे माझ्या डावीकडं. त्याच्या उजवीकडंच.”

“मग त्याचं काय चुकलं?”

“त्याचं नाही चुकत हो! मला मनात उलटं करावं लागतं. डावं म्हणजे उजवं, उजवं म्हणजे डावं. तेवढ्यात मैदानाची जाळी येते.”

मला हसू आलं. तोंडातला चिंचोका घशात जायचा राहिला.

गुरुजी उठले. चौऱ्याहत्तर वय, पण उठताना जमिनीला हात लावत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस वर्षं कवायत आणि लेझीम शिकवलं त्यांनी. मीही त्यांच्याच हाताखालची, सातवीपर्यंत.

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“मला लेझीम शिकीव.”

“आत्ता?”

“उद्या तुला वेळ न्हाई.”

“गुरुजी, मी तुम्हाला काय शिकवणार...”

“मला काय बी येत न्हाई. पहिलीतला पोरगा हाय मी. तू करशील तसं करनार. चल.”

प्रेरणानं माझ्याकडं बघितलं, आता काकीच काहीतरी म्हणतील अशा नजरेनं. मी म्हटलं, “कर की गं.”

तिनं उजवा हात वर केला. “उजवा हात वर.”

समोर गुरुजींनी हात वर केला. डावा.

“उजवा, गुरुजी.”

“ह्योच तर उचललास तू.” त्यांनी मान हलवून दाखवलं. तिचा हात न्हाणीकडं होता, त्यांचाही न्हाणीकडंच.

“नाही, तो तुमचा डावा झाला. परत. उजवा हात वर.”

परत डावाच.

“अहो, उजवा!”

“तुझ्याकडं बघूनच करतोय की.”

चार वेळा झालं. पाचव्यांदा ती ओरडलीच, “मी बरोबर करतेय! तुम्ही चुकताय!”

“बराबर करून काय झालं?” गुरुजी म्हणाले. डावा हात अजून वरच होता.

मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती गर्रकन वळली. गुरुजींकडं पाठ करून उभी राहिली आणि हात वर केला.

“आता करा. उजवा!”

आता दोघांचा उजवा एकाच बाजूला. गुरुजींनी उजवा हात वर केला.

“झालं का?” तिनं तशीच पाठमोरी विचारलं.

“झालं.”

“बघा, असं जमतं! तिथं पण मी असंच केलं होतं. तो समोरून यायला लागला, तशी मी वळले. म्हणजे त्याचं तोंड तिकडं, माझं पण तिकडंच. मग उलटं करायला नको. तर परीक्षकानं लगेच लाल शेरा मारला.”

गुरुजी आवाज न करता मागं सरले, खाली बसले आणि चिंच उचलली.

“डावा हात वर,” प्रेरणा भिंतीला सांगत होती. “आता दोन्ही खाली. झालं?”

वाटीत चिंचोका पडला.

“गुरुजी?... झालं का?”

मी पदर तोंडात कोंबला.

ती वळली. गुरुजी चिंचोके वेगळे करत होते.

ती मग कडेच्या दगडावर बसली. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. पुसले असते तर मी बघितलं असतं म्हणून.

“उद्या राहिले तर ललिताला तोंड कसं दाखवू, गुरुजी? आणि परत त्या मशिनीवर जाऊन बसू?... लोकांच्या साड्यांची टोकंच बघत?”

माझी जीभ चुळबुळत होती. काहीतरी बरं बोलावं असं फार वाटलं. पण गुरुजींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

“शाळेत,” ते म्हणाले, “तुम्ही मला काय म्हणायचा पाठीमागं?”

“काही नाही.”

“सांग की.”

“... गुरुजींना डावं-उजवं कळत नाही, असं म्हणायचो. तुम्ही तोंडानं उजवा म्हणायचा आणि समोर उभं राहून डावा उचलायचा. रोज. आम्ही जाम हसायचो...”

बोलता बोलता ती थांबली.

मीही थांबले. तीस वर्षांपूर्वी मीही हसले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं? आम्ही हसायचो ते?”

“कान हायत की मला.”

“मग सांगितलं का नाही?”

“कशाला? रांग बराबर चालली हुती.”

प्रेरणा उठली. पदर खोचला. गुरुजींच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “उठा. परत.”

गुरुजी उठले.

“उजवा हात वर,” ती म्हणाली, आणि स्वतःचा डावा उचलला. समोर गुरुजींचा उजवा वर गेला.

“डावा.” तिचा उजवा. त्यांचा डावा.

“उजवा. डावा. दोन्ही. खाली बसा. उठा. उजवा...”

जमत होतं. मध्येच अडखळत होती, ओठ हलवत होती, पण जमत होतं. मग तिनं हात खाली टाकले.

“पण उपयोग काय? तुम्हाला माझा हात दिसतो. ड्रोनला थोडाच दिसतो? तिथं परत मनात उलटं करणंच आलं.”

प्रश्न बरोबर होता.

गुरुजी हात खाली घ्यायला गेले. निम्म्यात थांबले. चेहरा एकदम आवळला.

“आई गं... खांदा...”

“कुठला?” मी विचारलं.

“उजवा...”

माझ्या मांडीवर चिंचांचं ताट. मी ते बाजूला सारते तोवर प्रेरणा पोचलीसुद्धा होती. समोरूनच गेली, समोरच उभी राहिली. एका हातानं त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्यानं खांदा चोळायला लागली. अंगठ्यानं, हळूहळू.

“इथं? की जरा मागं?”

“हां... तिथंच.”

उजवाच खांदा होता तो, मनात काही उलटं न करता धरलेला.

मी ताट हातात धरून बघत राहिले. प्रेरणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. ती चोळत होती, आणि तेल गरम करून आणते म्हणत होती.

“राहू दे तेल,” गुरुजी म्हणाले. दगडावर बसले आणि दोन्ही पाय पुढं केले.

ती वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“उद्या ड्रोन समोरून आला की त्याला बी इचार... कुठं दुखतंय.”