कोल्ह्याची लुकलुकती पाटी

एका जंगलात, पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या वळणावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यातच ती अंडी घालते. म्हणून त्या जंगलात एक रीतच पडून गेली होती. टिटवी अंड्यांवर बसली, की तिन्हीसांजेला पाण्यावर जाणारे सारे प्राणी, अगदी हत्तीसुद्धा, तेवढ्या जागी खाली बघून चालत आणि वाट वाकडी करून पुढे जात.

त्याच वळणावर एका कोल्ह्याने मधाचे दुकान थाटले. गिऱ्हाइकांना लांबून दिसावे म्हणून त्याने ढीगभर काजवे कामाला ठेवले आणि दुकानावरच्या बाभळीवर त्यांची पाटीच लावली. क्षणात लख्ख, क्षणात गुडूप! सगळे जंगल बघायला लोटले. टिटवीलाही कौतुक वाटले, खोटे कशाला बोला? पण झोपायची वेळ झाली तरी पाटी विझेना. आसपासच्या झाडांवरच्या घरट्यांतली पिल्ले किरकिरू लागली, टिटवीच्या डोळ्याला डोळा लागेना. आणि खरी धडकी भरली ती वाटेकडे पाहून. येणारा जो तो पाटीकडे बघत होता, खाली कोणीच बघत नव्हते. एका हरणाचा खूर तर अंड्यांच्या अगदी जवळ पडला.

दुसऱ्या दिवशी पाटी लागताच ती दुकानापाशी गेली. "कोल्हेदादा, पाटी जरा पलीकडे घ्या हो. येणाऱ्याचे डोळे दिपतात. माझी अंडी वाटेत आहेत."

"झाड माझं, काजवे माझे! तुझं काय जातं?" कोल्हा गुरगुरला आणि गिऱ्हाइकांकडे वळून हसला. "आभाळ कोसळेल म्हणून ही पाय वर करून झोपते म्हणे. हिचं काय मनावर घेता!"

मधाने बरबटलेली तोंडे पुसत सगळे खो खो हसले. टिटवीला फार वाईट वाटले. ती गुपचूप परत येऊन अंड्यांवर बसली.

इतक्यात हत्ती पाण्यावर निघाला. वळणावर त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख झाले, मग काळेकुट्ट. त्याने पाय उचलला तो नेमका अंड्यांवर! टिटवीला उडून जाता आले असते, पण ती उडाली नाही. पंख पसरून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गजराज, थांबा! माझी अंडी!" हत्तीला दिसत काहीच नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. त्याने उचललेला पाय चटकन बाजूला टेकवला आणि धाडकन आवाज झाला. कोल्ह्याचे दुकान भुईसपाट! सारा मध मातीत मिसळला.

"आंधळा आहेस का रे?" कोल्हा किंचाळला.

"तुझ्या पाटीपुढे जो येईल तो आंधळाच," हत्ती म्हणाला. "दुकान पुन्हा उभं राहील. हिची अंडी फुटली असती, तर ती कुठून आणून दिली असतीस?"

कोल्हा मान खाली घालून मोडक्या दुकानाचे तुकडे गोळा करू लागला.

मग पाणवठ्यावर सभा भरली. "काजव्यांनाच हाकला!" असे काही जण ओरडले. टिटवी म्हणाली, "नको. उजेडाशी माझं वैर नाही. तो कुठे असावा, एवढंच ठरवा." तसे ठरले. पाटी वळणापासून लांब असावी, तिचे तोंड घरट्यांकडे नसावे, काजव्यांनी मंद आणि एकसारखे तेवावे आणि पिल्लांच्या झोपेच्या वेळी पाटी विझावी. कोल्ह्याने कुरकुरत टेकडीपलीकडे दुकान मांडले. काजवे मात्र खूश झाले. उघडमीट करून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता.

दुकान हलले त्या संध्याकाळी सारे प्राणी खाली बघत, वाट वाकडी करून गेले. मग वळणावर शांत अंधार पसरला. टिटवीने सुटकेचा निःश्वास सोडला आणि चोचीने अंडी पोटाखाली सारली. तोच एका अंड्याच्या आतून हळूच टकटक ऐकू आली.

तात्पर्य : आपला दिवा जरूर लावावा, पण तो वाटसरूच्या डोळ्यांत आणि शेजाऱ्याच्या घरात घुसणार नाही, हे आधी पाहावे.